सवलतीच्या पुस्तकातल्या पिवळ्या ओळी

माझ्या टॅबमध्ये एक ई-बुक आहे. दहावीच्या विज्ञानाचं मार्गदर्शक, मराठीतून. ते मी वाचत नाही आणि काढूनही टाकत नाही. महिन्यातून एखाद्या सकाळी, चहा गॅसवर असताना, माझं बोट त्याच्यावर पडतं आणि पडद्यावर चौकट येते: तुम्ही पहिल्या पानावर आहात. सर्वांत पुढे वाचलेलं पान एकशे बारा. तिथे जायचं का?

एकशे बाराव्या पानापर्यंत मी वाचत गेलो नव्हतो. तिथवर गेली होती ती एक पंधरा वर्षांची मुलगी, नागपूर जिल्ह्यातल्या कुहीच्या पलीकडच्या एका गावातली. ती आता ते पुस्तक उघडत नाही. पण टॅबला हे कोण सांगणार? तो मला दर वेळी तिच्या जागेवर जाऊन बसायला सांगतो.

हे सांगायचं तर आधी माझ्या घरचं सांगावं लागेल. आम्ही प्रताप नगरात राहतो. मी एका सरकारी कार्यालयात नकाशे काढतो. आमची मुलगी पाचवीत असताना मी तिला शाळेतून काढलं आणि घरी शिकवायला सुरुवात केली. बायकोला पटलं नव्हतं. मी मात्र तेव्हा अशा माणसासारखा बोलायचो की ज्याला एकट्यालाच सगळं समजलेलं आहे. दीड वर्ष चाललं. मग एका सकाळी पोहे खाताना मुलगी म्हणाली, "बाबा, मला डब्बा घेऊन कुठंतरी जायचंय." एवढंच. जूनमध्ये ती परत शाळेत गेली.

मुलगी शाळेत गेली, पण घरी शिकवणाऱ्या पालकांचा जो आमचा नागपूरचा ग्रुप होता, त्यातून मी बाहेर पडलो नाही. आमची मुलगी आता शाळेत जाते, हेही तिथे कधी बोललो नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. चाळीसेक कुटुंबं होती. कुणी मुलाच्या आजारपणामुळे, कुणी बदलीमुळे, कुणी शाळेवरच्या रागातून मुलांना घरी शिकवत होतं. त्यांच्यात माझं एक स्थान झालं होतं. मी होतो 'पुस्तकवाले काका'.

घरी शिकणाऱ्या मुलांना पुस्तकं फार लागतात. शाळेत एक पुस्तक वर्षभर पुरतं. घरी मूल आठवड्यात चार विषय बदलतं. परवा डायनासोर, काल साबण कसा होतो, आज रोमन आकडे. एवढी पुस्तकं छापील घेणं कुणाला परवडत नाही. पण ई-बुकांचे भाव स्थिर नसतात. प्रकाशक मध्येच दोन दिवसांसाठी किंमत पाडतात. एखादं पुस्तक सकाळी फुकट असतं आणि संध्याकाळी पुन्हा महाग झालेलं असतं. नजर ठेवावी लागते. मी पहाटे उठून ती ठेवायचो. नमुन्याची पानं उघडून बघायचो, अक्षर मोठं होतं का, चित्रं फोनवर फुटतात का, भाषांतर माणसाने केलंय की यंत्राने. मग सात वाजता ग्रुपवर 'आजची यादी' टाकायचो. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच नियम सांगायचो: पुस्तक स्वस्त का झालं, हे आधी शोधा. संध्याकाळी बाजारात मेथीची जुडी अर्ध्या भावात मिळते, तेव्हा आपण ती उलटी करून बघतो ना, तसं.

बायको ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, "स्वतःची पोरगी सातच्या बसने शाळेत, अन् तुम्ही इथं बसून जगाच्या पोरांले घरी बसवून राहिले. काहून हो, त्या लोकांले सांगितलं का कधी?"

"सांगीन," मी म्हणायचो.

"हो, सांगा. यादीतच टाका. आजची सवलत म्हणून."

कुहीकडच्या त्या मुलीची आई अंगणवाडीत सेविका होती. ओळखीतल्या कुणीतरी तिला ग्रुपमध्ये घेतलं. आमची रविवारची बैठक प्रताप नगरातल्या एका बागेत व्हायची. तिथे ती एकदा मुलीला घेऊन एसटीने आली. उंच, किडकिडीत मुलगी. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. तास-दीड तासात ती एक शब्द बोलली नाही. आईने सांगितलं, मुलगी बोलताना अडखळते. शाळेत तिला उभं करून वाक्य पूर्ण होईपर्यंत बसू देत नसत. वर्गातली मुलं किती वेळ लागतो ते मोठ्याने मोजायची. नववीच्या मधेच तिने जाणं बंद केलं.

"हिच्या बापानं एक अट घातली भाऊ," आई म्हणाली. "दहावी घरूनच निघाली, त पुढंही घरीच शिक म्हणते. नाही निघाली, त भंडाऱ्याकडं निवासी शाळा हाय, थ्या शाळेत टाकतो. तिथं रोज सकाळी दोनशे पोरींसमोर एकेकीले उभं राहून बोलाव लागते. हिच्या मामाची पोरगी सांगत होती. तवापासून ही रातची नीट झोपत नाही."

मुलीने मान वर केली नाही. पण ओढणी गुंडाळणारं बोट थांबलं.

घरी शिकणारी मुलं दहावीला मुक्त शिक्षणाच्या मंडळातर्फे बसू शकतात. तिचाही फॉर्म तसाच भरला होता. मंडळाची जाडजूड पुस्तकं पोस्टाने आली होती. बाकीचे विषय ती त्यांतूनच करत होती, विज्ञान मात्र तिला अवघड जात होतं. मी म्हटलं, मी बघतो. आमच्या मुलीचा टॅब घरात पडून होता. तो मी तिला दिला, माझ्याच खात्यासह, म्हणजे मी घेतलेली सगळी पुस्तकं तिला आपोआप मिळतील. त्या दिवशी बागेतून घरी येताना मला फार चांगलं वाटत होतं. इतकं चांगलं वाटणं बरं नसतं, हे मला आता कळतं.

डिसेंबरात ते मार्गदर्शक सवलतीत आलं. त्याच मंडळाच्या विज्ञानासाठी. सगळ्या धड्यांचं नव्हतं, फक्त परीक्षेला येणाऱ्या धड्यांचं, सोप्या भाषेत, आकृत्यांसह. भाव असा पडला होता की मी चष्मा पुसून पुन्हा बघितला. माझा तो नियम मला त्या सकाळी आठवला नाही. किंवा आठवला आणि मी त्याला बाजूला सारलं. मी पुस्तक घेतलं, यादीत सगळ्यांत वर टाकलं आणि पुढे लिहिलं: दहावीच्या पालकांनी डोळे मिटून घ्यावं.

ग्रुपमधल्या एका ताईंनी विचारलं, "आवृत्ती कोणत्या सालची आहे?"

मी उत्तर दिलं, "ताई, प्रकाशाचा वेग आवृत्तीप्रमाणे बदलत नाही."

पंधरा-वीस जणांनी हसरे चेहरे टाकले. ताईंनी पुन्हा काही विचारलं नाही. आणखी दोन कुटुंबांनी ते पुस्तक घेतलं. कुहीच्या मुलीला मी आईमार्फत निरोप धाडला, ती जाड पुस्तकं राहू दे, विज्ञानापुरतं एवढंच कर.

आठवड्याभराने मी सहज ते पुस्तक माझ्या टॅबवर उघडलं, तर काही ओळी पिवळ्या झालेल्या. मी केल्या नव्हत्या. क्षणभर दचकलो, मग समजलं. खातं एकच असल्यामुळे तिने तिकडे खूण केली की ती माझ्याकडे उमटत होती. पुढच्या पानावर समासात टीप होती: "काका, तुम्हाला हे दिसते का?"

मी खाली लिहिलं: "दिसतं."

असं आमचं बोलणं सुरू झालं. फोनवर ती बोलायची नाही. आई कधी फोन तिच्या कानाला लावायची, तेव्हा पलीकडून फक्त श्वास ऐकू यायचा, एखादं अक्षर सुरू व्हायचं आणि तिथेच अडून राहायचं, मग आई फोन काढून घ्यायची. पण पुस्तकाच्या समासात ती भरभरून लिहायची. रोज सकाळी मी यादी करायच्या आधी तिचे प्रश्न बघायचो आणि उत्तरं लिहायचो. ध्वनीच्या धड्यात तिने विचारलं होतं, "प्रतिध्वनी यायला भिंत किती लांब पाहिजे? आमच्या गावात राइस मिलच्या भिंतीसमोर ओरडलं तर येतो. दुपारी कोणी नसते तेव्हा मी जाते. तिथं मी अडखळत नाही."

मी लिहिलं: "साधारण सतरा मीटर. पावलं मोजून बघ."

दोन दिवसांनी टीप आली: "अठ्ठावीस पावलं झाली. माझी पावलं लहान आहेत."

मला वाटतं, माझ्या स्वतःच्या मुलीला मी कधी इतक्या मायेने शिकवलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी यादी करताना तेच मार्गदर्शक पुन्हा समोर आलं. मुखपृष्ठ नवीन, किंमत पूर्ण. शीर्षकाखाली एक ओळ: बदललेल्या धड्यांनुसार. मी मंडळाच्या संकेतस्थळावर गेलो. तिथे परिपत्रक होतं आणि ते काही लपवून ठेवलेलं नव्हतं. परीक्षेला येणारे धडे बदलले होते. आमच्या मार्गदर्शकातले बरेच धडे आता फक्त घरून लिहून पाठवायच्या स्वाध्यायांपुरते उरले होते. ध्वनी त्यातच. आणि जे धडे आमच्या पुस्तकात नव्हतेच, ते आता परीक्षेला होते. डिसेंबरात भाव पडला तो यासाठी. जुना माल काढत होते.

परीक्षेला सहा आठवडे होते. हे मी मुद्दाम लिहितो. सहा आठवड्यांत त्या मुलीने ते धडे केले असते. जाड पुस्तकं तिच्या घरात होती.

मी ग्रुप उघडला. लिहायला सुरुवात केली: "सर्वांना नम्र सूचना." मग वर सरकून डिसेंबरातला तो संवाद पाहिला. प्रकाशाचा वेग. हसरे चेहरे. मी लिहिलेलं पुसलं. वाटलं, आधी नीट तुलना करू, संध्याकाळी लिहू. संध्याकाळी वाटलं, मुलीला एकदम सांगितलं तर ती खचेल, आईशी आधी बोलू. दुसऱ्या दिवशी वाटलं, निम्मे धडे तर तेच आहेत, पास व्हायला तेवढे पुरतील. रोज एक नवं कारण मिळायचं आणि प्रत्येक कारण आदल्या दिवशीच्या कारणापेक्षा शहाणं दिसायचं. खरं कारण एकच होतं. त्या चाळीस घरांत मी ज्या नावाने ओळखला जायचो, त्याशिवाय माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

आणि रोज सकाळी चौकट यायची. तुम्ही अमुक पानावर आहात, सर्वांत पुढे वाचलेलं पान त्र्याऐंशी. तिथे जायचं का? मी जायचो. न जाऊन सांगतो कुणाला? ताज्या पिवळ्या ओळी दिसायच्या. ज्या धड्यांना आता काही किंमत नव्हती त्यांतली एकेक व्याख्या तिने रंगवलेली असायची, सरळ, कडेला न सांडता. ब्याण्णव. सत्त्याण्णव. एकशे तीन. चुकीच्या रस्त्याने एक मूल पुढे पुढे चाललंय आणि मी कठड्यावर बसून त्याची पावलं मोजतोय, असं वाटायचं. ऑफिसात नकाशावर रेघ मारताना ती पिवळी दिसायची. फोन उचलल्यावर पलीकडून क्षणभर आवाज आला नाही की अंगावर काटा यायचा. अजूनही येतो.

सगळ्यांत वाईट हे की मी तिच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिलो. थांबलो असतो तर तिला शंका तरी आली असती. मी रोज नेमाने, सोप्या शब्दांत, कधी आकृती काढून समजावत राहिलो. माझं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं.

मार्चच्या मध्यावर तिची टीप आली: "काका, मंडळाच्या जाड पुस्तकात विजेचा आणि चुंबकाचा धडा आहे. आपल्या पुस्तकात नाही. तो परीक्षेला आहे का?"

आता याहून सरळ कुणी कसं विचारणार? होय म्हणायला दोन अक्षरं पुरली असती. मी टॅब घेऊन गॅलरीत गेलो. खाली आमच्या मुलीची बस उभी होती. मुलगी चढली, खिडकीशी बसली, तिने वर बघून हात हलवला. मीही हलवला. मग टिपेखाली लिहिलं: "आधी हे पूर्ण कर. मग बघू."

तिने लिहिलं: "हो काका."

त्यानंतर तिने तसा प्रश्न विचारला नाही. एकशे बाराव्या पानावर पुस्तक संपलं.

पेपरच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, पोरीची तयारी चांगली आहे, काळजी करू नका. पेपरच्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला. "कसा गेला काही बोलत नाही भाऊ. आली, जेवली, अन् भिंतीकडं तोंड करून पडून हाय."

जूनमध्ये निकाल लागला. आईचा निरोप ग्रुपवर नाही, मला एकट्याला आला: बाकी सगळे विषय निघाले. विज्ञान राहिलं.

जाड पुस्तकांतून एकटीने केलेले सगळे विषय निघाले होते. माझी मदत होती तो एक राहिला होता.

मी चार दिवस त्या निरोपाला उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी, रविवारी, टॅब उघडला. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर नवीन टीप होती. "काका, माझं विज्ञान राहिलं. तुम्ही एवढं समजावून सांगितलं तरी मला जमलं नाही. माफ करा. पुढच्या सोमवारी मी भंडाऱ्याला जाणार आहे."

मी किती वेळ बसलो होतो माहीत नाही. आमची मुलगी मागे येऊन उभी राहिली होती. तिने वाचलं.

"बाबा, ही कशाची माफी मागतेय?"

मी तिला सांगितलं. सगळं, फेब्रुवारीपासून. ती चौदा वर्षांची होती. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "मग तुम्ही इथं काहून बसून राहिले?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कुहीची बस धरली. पुढे ऑटो. ऊन असं होतं की रस्ता हलताना दिसत होता. दारावर पंचशीलचा झेंडा असलेलं त्यांचं घर मी खुणेवरून शोधलं. आई ओसरीवर होती.

"अरे, भाऊ! एवढ्या उन्हाचे? फोन केला असता त मीच आली असती." तिने पाणी दिलं, मग चहा केला. "तुमी मनाले लावून घेऊ नका. तुमी का कमी केलं का? पोरीचंच डोकं नाही चाललं त कोन का करन?"

तो चहा मी प्यायलो. सांगण्याच्या आधी प्यायलो. हेही इथे लिहून ठेवतो.

आतून लोखंडी पेटीचं झाकण उघडल्याचा, मिटल्याचा आवाज येत होता. मुलगी सामान भरत होती. मी कप खाली ठेवला आणि आईला सांगितलं. ती ऐकत राहिली. पदर डोक्यावरून घसरला तरी तिने सावरला नाही.

"केव्हा समजलं तुमाले?"

"फेब्रुवारीत."

"पेपर त एप्रिलात होता."

"हो."

"मंग आदल्या दिवशी फोनवर तुमी मले म्हनलं, तयारी चांगली हाय."

"म्हटलं होतं."

आत पेटीचा आवाज थांबला होता. आई ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली, माझा कप उचलून मोरीत नेऊन ठेवला आणि परत येऊन म्हणाली, "मले सांगून का फायदा? हिच्या बापाले सांगा. थो निकालापासून हिले ढ म्हनून राहिला, अन् ही ऐकून राहिली. बसा. थे वावरातून येतपर्यंत बसा."

मी दोन तास ओसरीवर बसलो. मधेच मुलगी बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. तिच्या तोंडून एकही शब्द मी कधी ऐकला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले, मान ताठ झाली. मी तिच्याऐवजी शब्द उच्चारणार होतो, आईने हात वर करून मला थांबवलं.

"मी... वि... वि... विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो. विचारलं होतंस."

"तु... तुम्हाला."

"हो."

मग ती उठून आत गेली.

वडील आले, पायांना चिखल. धानाची रोपं टाकायला मोटरच्या पाण्यावर बांधी, म्हणजे भाताचं खाचर, तयार करत होते. आईने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "हे नागपूरचे भाऊ. हे का म्हनते थे ऐका." मी तिसऱ्यांदा सांगितलं. तोवर मला वाटलं होतं की बोलून बोलून सोपं होईल. झालं नाही.

मग त्यांनी विचारलं, "तुमाले पोरगी हाय म्हनते."

"आहे."

"तीबी घरीच शिकते का?"

हे मला अपेक्षित नव्हतं. आई माझ्याकडे बघत होती. इतके दिवस तिने मला घरी शिकवणारा बाप समजून विश्वास ठेवला होता.

"नाही," मी म्हटलं. "शाळेत जाते. तीन वर्षांपासून."

ते हसले. मोठ्याने नाही. "वा गा! आपली पोरगी शाळेमध्ये, अन् आमची पोरगी तुमच्या टॅबमध्ये." मग आत तोंड करून हाक मारली, "ये वं पोरी, इकडं ये."

मुलगी दारात आली.

"थ्या बाकीच्या विषयाले कोन शिकवलं तुले?"

तिने मान हलवली. कुणी नाही.

"एकटीनं केले?"

होकार.

त्यांनी हातातला पाण्याचा गडवा खाली ठेवला. "पेटी खाली कर. भंडाऱ्याले नाही जाचं. थो एक विषय पुन्हा दे. जाड पुस्तकातून कर." आणि माझ्याकडे बोट करून, "या मानसाचं एक अक्षर वाचू नको."

मी उठायला लागलो. आई म्हणाली, "थांबा. ग्रुपात थे पुस्तक आनखी कोनी घेतलं व्हतं?"

"दोघांनी."

"त्याईच्या लेकरांचा पेपर झाला का?"

"नाही. पुढच्या वेळी बसणार आहेत."

"त्याईले सांगितलं?"

"नाही," मी म्हटलं आणि चपला शोधू लागलो.

"मंग लिहा. इथंच लिहा. घरी जाऊन नाही. घरी गेले का तुमी पुन्हा नाही लिहत."

तिने मला बरोबर ओळखलं होतं. मी तिथेच उभ्याने लिहिलं: "सर्वांना नम्र सूचना. डिसेंबरमध्ये सुचवलेल्या विज्ञान मार्गदर्शकाची आवृत्ती जुनी असल्याचं माझ्या लक्षात उशिरा आलं. त्यामुळे एका विद्यार्थिनीचं नुकसान झालं. कृपया ते वापरू नये. क्षमस्व."

"वाचून दाखवा," आई म्हणाली. मी वाचून दाखवलं. तेव्हा मुलीने हात पुढे केला. मी फोन दिला.

तिने मजकूर स्वतः वाचला, ओठ हलवत. मग अंगठ्याने एकेक अक्षर पुसू लागली. माझ्या लक्षात उशिरा आलं, हे गेलं. क्षमस्व गेलं. ती ओसरीच्या खांबाला टेकून लिहायला लागली. लिहिताना ती कुठेच अडत नव्हती. वडील पाय धुवायला गेले आणि परत आले, तरी ती लिहीत होती. मग तिने फोन माझ्या हातात दिला. तो तिने पाठवला नव्हता.

तिथे लिहिलं होतं: "डिसेंबरात मी सांगितलेलं विज्ञानाचं पुस्तक जुनं आहे. परीक्षेला येणारे धडे बदलले आहेत. हे मला पेपरच्या सहा आठवडे आधी माहीत होतं. एका मुलीने मला विचारलं, तरी मी सांगितलं नाही. माझी मुलगी तीन वर्षांपासून शाळेत जाते. तेही मी सांगितलं नाही."

एकही अक्षर खोटं नव्हतं. तिघं माझ्याकडे बघत होते. मी बटण दाबलं.

ऑटो मिळाला नाही, म्हणून मी फाट्यापर्यंत चालत गेलो. वाटेतच फोन वाजायला लागला, एकामागून एक. मी तो खिशातून काढला नाही. नागपूरची बस यायला तास होता. झाडाखाली दोन माणसं उभी होती. त्यांतल्या एकाने शेवटी म्हटलं, "अहो, तुमचा फोन वाजून राहिला."

"हो," मी म्हटलं, "माझाच आहे."